वडगावची कमिटी

टीममध्ये 'फायनल डिसिजन कोणाचं?' हा घोळ सुरू झाला की मला वडगाव मावळ आठवतं. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढली. मोहिमेचा कारभार एका सेनापतीकडे नव्हता, कमिटीकडे होता! त्यात हजारो बैलांचं सामान. वेग दिवसाला जेमतेम दोनेक मैल. जानेवारी १७७९ मध्ये तळेगाव गाठलं, तर मराठ्यांनी गाव उद्ध्वस्त करून ठेवलेलं, दाणागोटा मिळेना. पुणं अवघं वीसेक मैल, पण कमिटी कचरली. जड तोफा तळ्यात टाकून रातोरात माघार घेतली. महादजी शिंद्यांनी वडगावला घेरून तह लिहून घेतला. म्हणून मंडळी, चर्चा सगळ्यांनी करा, पण शेवटचा शब्द एकाचाच ठेवा. आणि बैल कमी ठेवा :)