तुटलेल्या एक्सलची गोष्ट

माझ्या जुन्या, सहा गिअरच्या रेसिंग सायकलचा मागचा एक्सल दीड वर्षात दोनदा तुटला. दुसऱ्या वेळी दुकानातल्या काकांनी दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "वजन कमी करा." मी घरी येऊन वजनाऐवजी हबचा इतिहास वाचला. दोष माझा नव्हता. निदान पूर्ण तरी नव्हता.

जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवतात. पायडल मारेल तसं ते आणखी आवळत जातं. झिजल्यावर काढायचं तर लांब पाना आणि दांडगा माणूस लागतो. पण खरी गोम बेअरिंगच्या जागेत आहे. उजवीकडचं बेअरिंग हबच्या आत, फ्रीव्हीलच्या मागे. एकच दातेरी चकती होती तोवर ठीक होतं. पुढे चकत्या वाढल्या. पाच गिअरना फ्रेमच्या खाचांमधलं अंतर 120 मिलिमीटर लागायचं, सहा-सातांना 126 झालं. वाढलेली जागा उजवीकडे गेली, बेअरिंग मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे बेअरिंगपासून फ्रेमपर्यंत 10 मिलिमीटर जाडीचा एक्सल आधाराविना, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्यावरच. तो आधी वाकतो, मग उजव्या कोनाजवळ तुटतो. माझे दोन्ही तिथेच तुटले.

उपाय जुनाच होता. 1930च्या दशकात इंग्लंडच्या बेलिस-वायली कंपनीने हब आणि फ्रीव्हील एकत्र करून पाहिलं होतं, पण ते रुजलं नाही. नंतर फ्रान्सच्या मेयार कंपनीने हेलिकोमॅटिक आणलं. चकत्यांचा अख्खा जुडगा तिरक्या खाचांवर सरकवायचा, वरून एक छोटी रिंग लावायची. ती रिंग काढायच्या चिमुकल्या हत्याराने बाटलीचं झाकणही उघडायचं! कल्पना मला आजही आवडते. पण ती बसवताना छरे लहान घ्यावे लागले आणि बेअरिंग लवकर झिजू लागलं. शिवाय त्या चकत्या दुसऱ्या कुठल्या हबवर बसत नव्हत्या. उत्पादन थांबलं, सुटे भाग संपले आणि धडधाकट चाकं निकामी झाली. एकाच कंपनीच्या लायब्ररीवर सगळा कोड उभारलेल्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल.

टिकलं ते शिमानोचं. जपानमधल्या साकाईत 1921 साली सुरू झालेल्या या कारखान्याची सुरुवातच फ्रीव्हील बनवण्यापासून झाली. 1978 मध्ये त्यांनी फ्रीहब आणला: खटक्यांची यंत्रणा हबचाच भाग, चकत्या तिच्यावर सरकवलेल्या आणि उजवं बेअरिंग थेट बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ. एक्सल तुटणं जवळजवळ थांबलं. चकत्या झिजल्या की चकत्याच बदला. खटके गेले की 10 मिलिमीटरची अ‍ॅलन की घालून फ्रीहबची बॉडी बदला. उजव्या बेअरिंगची वाटी बॉडीतच असल्याने तीही नवी मिळते. डावी वाटी मात्र हबमध्ये ठोकून बसवलेली. तिला खड्डे पडले की हबच भंगारात. इतकं करून तेवढंच का सोडलं, याची मला अजून चुटपुट आहे.

काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी तिसरा एक्सल घातला, दोन्हीकडे नऊ-नऊ नवे छरे ग्रीसमध्ये बसवले. मग फ्रेमवर बोटाची टिचकी मारून म्हणाले, "स्टील आहे. चार मिलिमीटर ताणता येईल. 130चं फ्रीहबवालं चाक मिळालं तर घेऊन या."