इनाम की सरंजाम?

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांची कुळकथा सांगायची तर मी दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासापासून सुरुवात करीन, कारण हा मुलूखच एकेकाळी असाच कागदावर दिला गेला होता.

१७७२ साली मराठ्यांच्या आरमारानं ‘संताना’ हे पोर्तुगीज जहाज काबीज केलं. पुढे पेशव्यांना पोर्तुगिजांशी दोस्ती हवी होती. १७७९ च्या पुण्याच्या तहात ठरलं, की जहाजाची भरपाई म्हणून त्यांना वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं लावून द्यायची. १७८३ मध्ये नगर हवेली गेली, १७८५ मध्ये दादरा. पण दिलं काय, गावं की गावांचा वसूल? हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांनी थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभा राहिला. १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा-नगर हवेली मुक्त केली, भारतानं पोर्तुगिजांना दमणहून इकडे यायची वाट बंद केली आणि पोर्तुगालनं दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं पेशव्यांच्या कागदाचा अर्थ लावला: हा सरंजाम आहे, वसूल खाण्याचा हक्क, सार्वभौमत्व यात दिलेलं नाही.

सरंजाम हा शब्द फारसीतून आला. आपल्याकडे लग्नाचाही सरंजाम असतो, म्हणजे सगळी सामग्री. राज्यकारभारात मात्र त्याचा अर्थ नेमका होता: फौजफाटा बाळगायला, चाकरी करायला लावून दिलेलं उत्पन्न. इनामाची सनद ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनं’ असायची. सरंजाम सरकारच्या मर्जीवर. सरदार वारला की मुलानं नजराणा भरून तो पुन्हा आपल्या नावे करून घ्यायचा. सरकारला वाटलं तर जप्ती.

बँका आपल्या पॉइंटांना ‘रिवॉर्ड’ म्हणतात, म्हणजे इनाम. अटींचा कागद वाचला की तो सरंजाम निघतो.

या पॉइंटांचं मूळ अमेरिकेतल्या दुकानांत आहे. १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी हिरवी तिकिटं काढली. गिऱ्हाइकानं दहा सेंटचा माल घेतला की एक तिकीट. घरी बसून ती वहीत चिकटवायची, बाराशे तिकिटांची वही भरली की ती देऊन भांडी, दिवे, चादरी आणायच्या. तिकिटं छापणारी कंपनी ती दुकानदाराला विकायची, आणि दुकानदार तो खर्च मालाच्या किमतीत धरायचा. सगळी मेख इथेच आहे, आणि ती आजही बदललेली नाही. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सनं प्रवाशाच्या मैलांचा तिकिटांसारखाच हिशेब ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांत डायनर्स क्लबनं तीच वही कार्डावर आणली. १९८६ मध्ये डिस्कव्हर कार्डानं तिकीटबिकीट बाजूला ठेवून सरळ पैसेच परत द्यायला घेतले.

आपल्याकडे सेंट्रल बँकेनं १९८० मध्ये क्रेडिट कार्ड काढलं. पॉइंटांची चटक लागायला पुढची वीस-पंचवीस वर्षं जावी लागली.

पैसा येतो कुठून ते बघा. तुम्ही दुकानात शंभर रुपयांना कार्ड घासता, दुकानदाराच्या हातात अठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतात. मधल्या दोनेक रुपयांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, आणि त्यातून तुमचा पॉइंट निघतो. समजा, दीडशे रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंट पंचवीस पैशांचा. म्हणजे दीडशेवर आठ आणे. बिल एकदा जरी थकलं, तरी व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांनी चढतं आणि वर्षाचे बहुतेक पॉइंट एका महिन्यात धुऊन जातात.

सिल्वासात हा खेळ सर्वांत चांगला कळतो तो ट्रान्सपोर्टवाल्यांना. करसवलतींमुळे इथे सुताचे, प्लास्टिकचे कारखाने आले, आणि वापीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हरच्या हाती डिझेलची रोकड देण्याऐवजी मालक तेलकंपनीचं फ्लीट कार्ड देतो. मालक आधी खात्यात पैसे भरतो. प्रत्येक गाडीला वेगळं कार्ड, त्यावर गाडीचा नंबर, ड्रायव्हरला फक्त पिन. पंपावर डिझेल पडतं, पावती निघते, पॉइंट मालकाच्या खात्यात जातात. पैसे आधीच भरलेले असल्यानं व्याजाचा प्रश्न नाही, आणि प्रत्येक लिटरचा हिशेब गाडीनुसार मिळतो. माझ्या मते प्रीपेड कार्डाचा याहून सरळ उपयोग दुसरा नाही.

शहरी कार्डवाल्यांनी मात्र प्रीपेडचा उपयोग वेगळाच शोधला. क्रेडिट कार्डानं वॉलेट भरायचं, पॉइंट घ्यायचे आणि तोच पैसा फिरवून बिल भरायचं. अमेरिकेत हे नाण्यांनी झालं. एक डॉलरची नाणी चलनात रुळावीत म्हणून तिथली सरकारी टांकसाळ ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच देई. लोक कार्डावर पेट्या मागवत आणि न फोडताच बँकेत भरून टाकत. मैल तेवढे खिशात. जुलै २०११ मध्ये टांकसाळीनं या विक्रीला कार्ड घेणं थांबवलं. आपल्याकडे काही कंपन्या कर्जाच्या पैशानं भरलेलं प्रीपेड कार्ड देत होत्या. दिसायला क्रेडिट कार्डच. २० जून २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेनं प्रीपेडमध्ये असं उधारीचं भरणं बंद केलं. पुढे अनेक बँकांनी क्रेडिट कार्डानं वॉलेट भरण्यावर, घरभाड्यावर पॉइंट देणं थांबवलं आणि वर शुल्क लावलं.

उरलेल्या पॉइंटाचा भावही बँकेच्याच हातात. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटांचे चार मैल मिळायचे. सप्टेंबर २०२३ पासून त्याच पाचांचे दोन झाले. ज्यांनी वर्षभर साठवले होते त्यांचं निम्मं धन एका तारखेला गेलं, आणि त्यात कराराचा भंग कुठेच नव्हता. देणाऱ्यानं आपल्या मर्जीचा हक्क पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला होता.

पोर्तुगिजांचं नशीब वेगळं होतं. पेशवाई बुडाली, इंग्रजांनी त्यांच्या ताब्याला हरकत घेतली नाही, आणि वसूल खाणारा हळूहळू धनी होऊन बसला; हेही हेगच्या त्याच निकालात नोंदलेलं आहे. आपल्या पॉइंटांच्या बाबतीत बँक असं कधीच गप्प बसणार नाही. म्हणून या महिन्याचं स्टेटमेंट उघडा, शिल्लक पॉइंट आणि त्यांची मुदत बघा, आणि जी वस्तू तुम्ही एरवीही घेणारच होता तिच्यात ते या महिन्यातच वापरून टाका.