सय्यद हैदर रझा यांची निसर्गचित्रे : विविध कालखंडांतील चित्रपरंपरांशी एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांचे नाव 'बिंदू' या प्रतिमेशी एकरूप झाले आहे. परिणामी, त्यांच्या कलाजीवनाची आरंभीची सुमारे साडेतीन दशके प्रामुख्याने निसर्गचित्रणात व्यतीत झाली, ही वस्तुस्थिती मागे पडते. नागपूर स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षणानंतर आणि मुंबईला जाण्यापूर्वी त्यांनी काही काळ गोंदिया येथे चित्रकला शिक्षक म्हणून काम केले, याचीही जाणीव जिल्ह्यात फारशी आढळत नाही. बिंदूकडे वळताना रझांनी निसर्गचित्राचा त्याग केला, की निसर्गचित्रच विकसित होत बिंदूपर्यंत पोहोचले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांच्या निसर्गचित्रांची तुलना अन्य कालखंडांतील चित्रांशी केली आहे.

भूप्रदेश आणि जडणघडण :

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी तत्कालीन मध्यप्रांतातील मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्याने त्यांचे बालपण जंगलाच्या सान्निध्यात गेले. रात्रीच्या अरण्याची भीती, सूर्योदयाबरोबर मिळणारा दिलासा आणि गोंडांची नृत्ये यांच्या आठवणी त्यांनी पुढे आयुष्यभर जपल्या. शाळेतील एका शिक्षकाने त्यांचे चंचल मन स्थिर करण्यासाठी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहण्यास सांगितले, ही त्यांची आठवण सर्वश्रुत आहे.

इ. स. १९३९ ते १९४३ या काळात त्यांनी नागपूर येथे कलाशिक्षण घेतले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या गोंदिया-नैनपूर-जबलपूर या अरुंद लोहमार्गाने गोंदियाचा सातपुड्यातील अरण्यप्रदेशाशी संबंध जोडला होता आणि नैनपूरहून एक फाटा मंडल्याकडे जात होता. म्हणजेच गोंदिया हे रझांच्या जन्मभूमीच्या उंबरठ्यावरचे स्थानक होते. तथापि, या अल्प वास्तव्याचा थेट ठसा एखाद्या विशिष्ट चित्रावर दाखविण्याचा मोह टाळणे इष्ट ठरेल. गोंदिया ज्या वनप्रदेशाचा भाग आहे, त्या संपूर्ण प्रदेशाचा विचार करणे अधिक सयुक्तिक होय.

दृश्याची नोंद : जलरंगांची परंपरा

मुंबईतील आरंभीच्या काळात रझांनी रस्ते, इमारती, पावसात भिजलेले चौक अशी दृश्ये जलरंगांत रंगविली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या प्रभावातून महाराष्ट्रात प्रत्यक्ष स्थळी बसून चित्रण करण्याची परंपरा तोपर्यंत दृढ झाली होती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा व पंचगंगा परिसराची केलेली चित्रे हा या परंपरेचा उत्कृष्ट आविष्कार होय. आबालालांच्या चित्रात विशिष्ट स्थळ आणि विशिष्ट प्रहर यांना महत्त्व आहे; पाण्यावरील प्रकाश बदलला की चित्र बदलते. रझांच्या तरुणपणीच्या जलरंगांतही डोळ्यांसमोरील क्षण पकडण्याची हीच धडपड दिसते. मात्र त्यांच्या फटकाऱ्यांत तपशिलापेक्षा वेग अधिक आहे.

इ. स. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य होते. नागपूर येथेच शिकलेले आणि अमरावती जिल्ह्यात जन्मलेले ह. अं. गाडे हेही या गटात होते व निसर्गचित्र हाच त्यांचाही आवडीचा विषय होता. मनुष्याकृतीला प्राधान्य देणाऱ्या या गटात विदर्भ-मध्यप्रांताशी नाते असलेल्या दोन चित्रकारांनी निसर्गाची निवड करावी, ही बाब लक्षणीय आहे.

दृश्याची रचना : सेझान आणि फ्रान्स

इ. स. १९४८ मधील काश्मीर भेटीत छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांची चित्रे पाहून त्यांत रचनेचा अभाव असल्याचे सांगितले आणि पॉल सेझान (१८३९-१९०६) यांचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. इ. स. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. प्रोव्हान्स प्रांतातील सेंट-व्हिक्टोआर हा एकच डोंगर सेझान यांनी पुनःपुन्हा रंगविला होता. बदलत्या प्रकाशापेक्षा डोंगराची टिकून राहणारी घडण त्यांना महत्त्वाची वाटे. रझांनी फ्रान्समधील खेड्यांची जी चित्रे केली, त्यांत घरे भौमितिक आकारांसारखी एकमेकांना खेटून उभी आहेत.

परंतु दोघांतील भेदही स्पष्ट आहे. सेझान यांचा रंग निसर्गाच्या निरीक्षणातून येतो. रझांच्या या काळातील काही चित्रांत मात्र आकाशात काळा सूर्य आहे. दिवसाच्या दृश्यात रात्रीचा रंग आणणारी ही योजना निरीक्षणातून सिद्ध होत नाही. ती स्मृतीतून येते. इ. स. १९५६ मध्ये 'प्री द ला क्रितिक' हा पुरस्कार मिळविणारे ते पहिले अफ्रेंच चित्रकार ठरले. युरोपीय मान्यता मिळत असतानाच त्यांच्या चित्रातील निसर्ग युरोपीय निरीक्षणाच्या चौकटीबाहेर पडू लागला होता.

दृश्याचे स्मरण : माळव्याची लघुचित्रे

सतराव्या शतकातील माळवा शैलीच्या रागमाला चित्रांत पाश्चात्त्य पद्धतीचे यथादर्शन नाही. सपाट लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांनी चित्रावकाश विभागलेला असतो. रात्र म्हणजे गडद रंगाचा एक सलग पट्टा आणि वृक्ष म्हणजे पानांची आलंकारिक मांडणी. राग हा विशिष्ट प्रहर व ऋतूशी निगडित असल्याने येथील निसर्ग एखाद्या गावाचे दृश्य नसून मनःस्थितीचे रूप असतो.

रझांनी १९७० च्या दशकात केलेली 'ला तेर' (पृथ्वी) ही मालिका आणि 'राजस्थान' यांसारखी चित्रे या परंपरेशेजारी ठेवली असता साम्य प्रकर्षाने जाणवते. काळोख्या पृष्ठभागातून उसळणारे तांबडे-पिवळे रंग, चौकटींत विभागलेला अवकाश आणि क्षितिजाचा लोप ही त्यांची वैशिष्ट्ये होत. मात्र माळव्याच्या चित्रात नायक-नायिका केंद्रस्थानी असतात. रझांनी चित्रातून मनुष्य वगळला आणि त्याची भावावस्था मातीच्या व काळोखाच्या रंगाकडे सोपविली. लघुचित्रातील पार्श्वभूमीच येथे संपूर्ण चित्र झाली आहे.

आदिम आणि आदिवासी परंपरा :

वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये प्रकाशात आणलेल्या भीमबेटका येथील शैलचित्रांत प्राणी, शिकारी व नर्तक आहेत; परंतु जमीन, क्षितिज वा आकाश रेखाटण्याची गरज त्या चित्रकारांना भासलेली दिसत नाही. खडक हीच त्यांची भूमी होती. रझांकडे हा क्रम उलटा होतो : तेथे प्राणी व मनुष्य नाहीत, केवळ भूमी आहे.

अधिक जवळची तुलना जनगढसिंह श्याम (१९६२-२००१) यांच्याशी होऊ शकते. तत्कालीन मंडला जिल्ह्यातील पाटनगढचे हे परधान गोंड चित्रकार १९८० च्या दशकारंभी भोपाळच्या भारत भवनाच्या माध्यमातून प्रकाशात आले. त्यांच्या चित्रांत असंख्य ठिपक्यांनी वृक्ष, पशुपक्षी आणि देवता सजीव होतात. एकाच अरण्यप्रदेशातील दोन चित्रकारांपैकी एकाने ठिपक्यांतून अरण्य उभे केले, तर दुसऱ्याने अरण्य आटवीत एका ठिपक्यापर्यंत आणले. ही दोन भिन्न सामाजिक विश्वे असल्याने एकावर दुसऱ्याचा प्रभाव मानण्याचे कारण नाही. तथापि, अरण्य हे पाहण्याचे दृश्य नसून जगण्याचे अधिष्ठान आहे, ही जाणीव दोघांत समान आहे.

बिंदू : खंड की सातत्य?

बिंदूचा स्वीकार ही भारतीयत्वाच्या शोधातून उचललेली तांत्रिक प्रतीके होत, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तंत्रप्रणीत आकृतींचे आकर्षण त्या काळातील अन्य चित्रकारांनाही होते, हे खरे. परंतु १९५० च्या दशकातील काळा सूर्य, 'ला तेर' मधील काळोख आणि १९८३ च्या 'सौराष्ट्र' या चित्रातील एका चौकटीतला काळा बिंदू हा क्रम लक्षात घेतल्यास आक्षेपाची धार कमी होते. 'सौराष्ट्र' हे नाव भूप्रदेशाचे आहे आणि चित्रातील तापलेले रंगही भूमीचेच आहेत. बिंदू येथे निसर्गचित्राच्या आतच प्रकट होतो. पुढील काळात भोवतालची भूमी आवरली जाते आणि बिंदू उरतो.

निष्कर्ष :

१. रझांच्या निसर्गचित्रांचा प्रवास दृश्याची नोंद, दृश्याची रचना आणि दृश्याचे स्मरण अशा तीन टप्प्यांतून झालेला दिसतो.

२. काळाच्या दृष्टीने ते पुढे जात असताना दृष्टीच्या बाबतीत ते आधुनिक जलरंगांकडून सेझानकडे आणि तेथून मध्य भारतीय लघुचित्रांच्या तत्त्वाकडे, म्हणजे मागे, वळले. मात्र प्रत्येक परंपरेतून त्यांनी काही वगळलेही आहे.

३. बिंदू हा निसर्गचित्राचा त्याग नसून त्याची अंतिम, संक्षिप्त अवस्था होय.

सहा दशके फ्रान्समध्ये राहून रझा २०१० च्या अखेरीस भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या चित्रांना लिलावात कोट्यवधींची किंमत येते. परंतु ज्या अरण्यप्रदेशाने त्यांना काळोख आणि प्रकाश यांची पहिली ओळख करून दिली, त्या प्रदेशातील विद्यार्थ्यांपर्यंत ही चित्रे क्वचितच पोहोचतात. नागझिरा व नवेगावची अरण्ये अनुभवणाऱ्या गोंदियातील विद्यार्थ्याला चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र म्हणून अद्याप दोन डोंगर, मधला सूर्य आणि एक नदी एवढेच माहीत असेल, तर येथे कधीकाळी चित्रकला शिकविणाऱ्या या शिक्षकाचा धडा अपुराच राहिला, असे म्हणावे लागेल.