पाण्याखालचा बोल्ट

निलंग्यास आल्यापासून माझ्या मेजावर कागदांवरचें वजन म्हणून एक लोखंडी बोल्ट पडलेला असतो. बाप्तिस्म्याचा दाखला नेण्यास येणारीं माणसें तो सहज उचलतात आणि चकित होतात. त्याचें डोकें वाटोळें व धडधाकट आहे. परंतु खालचा दांडा उंदरानें कुरतडल्यासारखा, कोठें कोठें करंगळीहूनहि बारीक. तेरणा आणि मांजरा ह्याच ज्यांच्या नद्या, त्यांना समुद्रावरील होडीची कथा सांगत बसणें थोडें विचित्रच. तथापि स्मरणिकेच्या संपादकांनीं इतिहासावर लेख मागितला आहे, आणि ह्या बोल्टास इतिहास आहे.

माझें बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेलें. काकांची सागवानी होडी जुनी झाली होती. तिच्या सुकाणूची कडी पितळेची; ती पाण्याखालीं ज्या बोल्टांनीं फळीस जखडलेली होती ते मात्र लोखंडाचे. कोणे एके काळीं दुरुस्तींत चार पैसे वांचविण्यासाठीं ते घातले गेले असावेत. तेथून पाणी झिरपूं लागलें. काकांनीं आंत बसून पान्यानें चाकी आवळिली. एक वेढा झाला, दुसरा झाला, आणि बोल्टाच्या टोंकासह चाकी त्यांच्या हातांत आली! पाणी बोटभर जाडीच्या धारेनें उसळलें. होडी किनाऱ्यालगत होती व भरती होती, म्हणून तिला वाळूवर ओढतां आलें. खोल समुद्रांत हेंच घडतें तर आमच्या घरचीं तीन माणसें त्या होडींत होतीं.

लांकडी जहाज गळतें तें बहुधा फळ्यांच्या सांध्यांतून, असा सामान्य समज आहे. आणि तो अगदींच खोटा नाहीं. आपल्याकडे सांध्यांत कापूस ठांसून वर राळ व तेल लावीत, तळाला चुना व तेलाचा लेप देत. संत पौलाचें जहाज मेलिता बेटापाशीं फुटण्यापूर्वीं खलाशांनीं त्याच्या पोटाखालून दोर बांधून तें आवळलें, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत आपण वाचतों. फळ्या विस्कटूं नयेत म्हणूनच तो खटाटोप होता. पण सांध्याची गळती डोळ्यांस दिसते व हातास लागते. फळीच्या आरपार गेलेल्या धातूची गळती तशी नव्हे. बोल्टाचें डोकें बाहेरून शाबूत, चाकी आंतून शाबूत, आणि मध्यें लांकडाच्या अंधारांत दांडा झिजत असतो.

ह्या अंधारांतील झीज इंग्रजी आरमारास फार महागांत समजली. उष्ण समुद्रांत लांकूड पोखरणारा एक किडा असतो; तो जहाजाचा तळ चाळणीसारखा करून टाकतो. त्यावर उपाय म्हणून इ. स. १७६१ मध्यें ‘अलार्म’ नांवाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकण्यांत आला, व ती वेस्ट इंडीज बेटांकडे रवाना झाली. १७६३ त तिचा तळ तपासला तेव्हां किडा कोठेंच नव्हता. परंतु लोखंडी खिळे कुजून त्यांचा लगदा झाला होता. कांहीं थोडे खिळे मात्र सुस्थितींत आढळले. शोध करतां असें दिसलें कीं, तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे ह्या खिळ्यांभोंवतीं चुकून राहिले होते. तांबें आणि लोखंड ह्यांमध्यें कागद होता तेथें लोखंड वांचलें. जेथें दोघांची गांठ पडली तेथें तें गेलें.

एवढी स्पष्ट साक्ष मिळूनहि पुढें काय झालें पाहा. १७७९ पासून युद्धाच्या घाईंत सबंध आरमारास तांबें लावण्यांत आलें, आणि जुने लोखंडी बोल्ट तसेच ठेवून मध्यें जाड कागद व डांबर घातलें. समुद्राचें पाणी कागदास किती दिवस दाद देणार! १७८२ च्या सप्टेंबरांत अटलांटिक महासागरांत मोठें वादळ झालें. त्यांत ‘रॅमिलीज’, ‘सेंटॉर’, ‘व्हिल द पारी’ आदि मोठीं जहाजें नष्ट झालीं व हजारों खलाशी बुडाले. वादळ भयंकर होतें हें खरेंच; परंतु तांब्याखालच्या बोल्टांविषयींचा संशय आतां दडपतां येईना. तांब्याचे कठीण बोल्ट तयार झाल्यावर १७८६ त ते सरसकट वापरण्याचें ठरलें. मला राहून राहून वाटतें कीं, ज्यानें प्रथम तो कागद पाहिला त्याचें म्हणणें तेव्हांच ऐकलें असतें तर!

कारण पुढें उमगलें. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस लागले कीं त्यांची वीजघटमाला होते, आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातु खर्ची पडतो. खाऱ्या पाण्याच्या विहिरीवर ज्यांचा पंप आहे, त्यांनीं पितळी झडपेलगतचा लोखंडी बोल्ट एकदां काढून पाहावा. १८२४ मध्यें हम्फ्री डेव्ही ह्यानें हेंच तत्त्व उलट वापरून तांब्याच्या पत्र्यास जस्त व लोखंडाचे तुकडे जोडले. तांबें टिकलें, पण शेवाळ व शिंपले तळास इतके चिकटले कीं जहाजाची चाल मंदावली, कारण किंचित् विरघळूनच तांबें त्यांस दूर ठेवीत होतें. ती युक्ति तेव्हां सोडून द्यावी लागली. आज मात्र यांत्रिक होड्यांच्या पंख्यापाशीं व सुकाणूपाशीं जस्ताच्या वड्या बसवितात, त्या ह्याच तत्त्वावर. त्या झिजतात म्हणून बाकीचें लोखंड उरतें. त्या झिजल्या नाहींत तर त्यांची जोडणी तुटली आहे असें समजावें.

मुंबईच्या गोदीचें नांव येथें घेणें प्राप्त आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ त सुरतेहून आले, आणि १७५० च्या सुमारास तेथें कोरडी गोदी झाली; पाणी काढून तळ उघडा पाहतां येऊं लागला. त्याशिवाय असल्या दुरुस्तीची गोष्टच नको. शिवाय तेथील लांकूड साग. ओकच्या लांकडांतील आम्ल लोखंड खातें. सागांतील तेल त्याचें रक्षण करतें. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईस पाण्यांत उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत अद्याप तरंगते आहे. २००१ मध्यें तिची दुरुस्ती पुरी झाली. सागालाहि दोन धातूंची गांठ मात्र सोंसवत नाहीं, हें काकांच्या होडीनें आम्हांस दाखविलें.

त्या वर्षीं होडी वाळूवरच राहिली. वसईच्या एका वृद्ध सुतारानें काकांस प्रथम आवळण्याबद्दल रागें भरलें. मग त्यानें एकेक बोल्ट बाहेर ठोकून काढिला, कारण डोकें पाहून कांहीं कळत नाहीं असें तो म्हणे. भोंक खरवडून त्यानें कुजका भाग काढला, लांकूड वाळूं दिलें, आंतून सागाची जाड चकती बसविली, आणि कडीच्याच धातूचे नवे बोल्ट राळेंत माखून, डोक्याखालीं सुताचे वेढे देऊन ठोकले. चाकी त्यानें हलक्या हातानें, थांबून थांबून फिरविली. होडी पाण्यांत गेल्यावर दोन दिवस तो रोज येऊन बोटानें तेथील लांकूड चाचपून पाही. काढलेले सहा बोल्ट वाळूवर पडले होते. त्यांतला एक मीं खिशांत घातला, तो अजून मजजवळ आहे.