हातातला वाटाड्या

मोटार चालविणाऱ्या माणसाने आपल्या स्मार्टफोनवर रस्ता दाखविणारे कोणते ॲप घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातल्या एखाद्या जिनसेच्या निवडीसारखा क्षुल्लक वाटतो. अमुक ॲप दिसायला सुबक, तमुक ॲपचा आवाज गोड, तिसरे शेजारी वापरतो, एवढ्यावर बहुतेकांची निवड उरकते. परंतु त्या छोट्याशा पडद्यावर जी निळी खूण सरकत असते, तिच्यामागे एक नव्हे, तीन इतिहास उभे आहेत. गाडी कोठे आहे हे सांगणारे एक शास्त्र, रस्ते कोठून कोठे जातात हे सांगणारा एक नकाशा, आणि त्या रस्त्यांवर या क्षणी काय चालले आहे याची वार्ता, अशा तीन वस्तू तेथे एकत्र येतात. तिन्हींचे धनी वेगळे, जन्मकाळ वेगळे आणि उणिवाही वेगळ्या. कोणता वाटाड्या यांपैकी कशात पक्का आहे आणि कशात कच्चा, हे ज्याला उमगले त्याची निवड अर्धी झालीच म्हणावयाची.

भारतात वाट दाखविण्याची विद्या फार जुनी. पण तिचे पहिले रूप नकाशाचे नव्हते, खुणेचे होते. मोगलांच्या राजवटीत आग्र्याहून दिल्लीवरून लाहोरकडे जाणाऱ्या राजमार्गावर कोसाकोसाला मनोरे उभारले गेले. हरियाणात शेतांमधून आजही असे कोसमिनार उभे दिसतात. मनोरा वाट सांगत नसे. वाट चुकलेली नाही, एवढाच दिलासा देई. पुढच्या फाट्यावर डावीकडे वळावे की उजवीकडे, हे विचारावयाचे ते माणसालाच.

लेखी वाटाड्या आला तो कंपनी सरकारच्या काळात. १७६७ मध्ये जेम्स रेनेल याची बंगालचा सर्व्हेअर जनरल म्हणून नेमणूक झाली, आणि भारतीय सर्वेक्षण विभाग आपला जन्म त्याच वर्षापासून मोजतो. रेनेलचा बंगालचा नकाशासंग्रह प्रसिद्ध आहे. पण वाटाड्यांच्या इतिहासात त्याहून मोलाचे आहे ते १७७८ मध्ये छापलेले त्याचे बंगाल व बिहारमधील रस्त्यांचे पुस्तक. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला कोणत्या मार्गाने जावे आणि अंतर किती पडेल, हे त्यात मांडलेले होते. आजचे ॲप जे काम करते त्या कामाचा हा छापील पूर्वज होय. तो लष्कराच्या आणि महसुलाच्या सोयीसाठी जन्मला, वाटसरूंच्या सोयीसाठी नव्हे, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. कारण भारतातील नकाशाचा स्वभाव पुढे दोनशे वर्षे तोच राहिला. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून निघालेली त्रिकोणांची साखळी हिमालयापर्यंत पोहोचली. जगात क्वचितच कोठे झाले असेल असे अचूक मोजमाप या देशात झाले, पण त्याचे फळ कचेऱ्यांच्या कपाटात राहिले. स्वातंत्र्यानंतरही सरहद्दीचे आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकाला सहजी मिळत नसत. त्यामागची संरक्षणाची कारणे खोटी नव्हती. तरीही परिणाम असा झाला, की ज्या देशाचे सर्वेक्षण इतके जुने, त्या देशातला मोटारचालक पानाच्या गादीवर गाडी थांबवून पत्ता विचारीत राहिला.

हे कोडे सुटावयास २००५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या: एक संरक्षणासाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. खुली मालिका जागतिक मापपद्धतीवर आखावयाची ठरली. ही बाब केवळ तांत्रिक नव्हे. जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३० च्या पृथ्वीमापनावर बेतलेले होते, तर उपग्रहांची पद्धत निराळे माप धरते. एकच देऊळ दोन्ही मापांत निरनिराळ्या जागी पडे. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीसंबंधी नवे नियम जाहीर केले आणि भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आधी परवानगी घेण्याची गरज उरली नाही. एक मीटरहून अधिक बारीक तपशिलाची माहिती गोळा करण्याचा अधिकार मात्र भारतीय संस्थांपुरताच राखून ठेवण्यात आला. परदेशी कंपन्यांनी ती त्यांच्याकडून परवान्याने घ्यावी, अशी व्यवस्था झाली.

आता गाडीच्या ठिकाणाविषयी. वाहनात बसविलेला यांत्रिक वाटाड्या उपग्रहांच्या आधीही होता. १९८१ मध्ये जपानात होंडा कंपनीने आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ईटॅक या कंपनीने अशी साधने विक्रीस आणली. ईटॅकच्या यंत्राचा नकाशा कॅसेटवर असे, आणि चाकांचे फेरे व होकायंत्र यांवरून ते गाडी कोठवर आली याचा हिशेब करी. अमेरिकी लष्कराच्या जीपीएस उपग्रहांपैकी पहिला १९७८ मध्ये सोडला गेला. परंतु नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. शंभर मीटरपर्यंत जाणारी ही चूक समुद्रावर चालून जाई. पुण्याच्या पेठांत किंवा काशीच्या गल्ल्यांत शंभर मीटरची चूक म्हणजे तीन गल्ल्यांची चूक! मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती भेसळ थांबली, आणि आज प्रत्येकाच्या खिशात जो वाटाड्या आहे त्याचा खरा जन्म त्या आदेशात आहे.

दुसऱ्याच्या लष्कराने दिलेली वस्तू तो काढूनही घेऊ शकतो, हा विचार भारताने केला हे योग्यच झाले. जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात भारतीय अवकाश संशोधन संस्थेने आपल्या स्वतंत्र दिशादर्शक मालिकेतले सात उपग्रह सोडले; त्या व्यवस्थेला ‘नाविक’ असे नाव मिळाले. काही उपग्रहांवरील अणुघड्याळे पुढे बिघडली. बदली उपग्रहांपैकी मे २०२३ मधला जागेवर गेला, जानेवारी २०२५ मधला ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. व्यवहारात मात्र ॲप निवडणाऱ्याने याची फारशी चिंता करू नये. चांगला फोन अमेरिका, रशिया, युरोप व चीन अशा अनेकांचे उपग्रह एकदमच ऐकतो; स्थान सांगणे हे फोनचे काम आहे, ॲपचे नव्हे. ‘या ॲपला माझी जागा कळत नाही’ अशी तक्रार करून जो ॲप बदलतो, त्याने पुष्कळदा फोन बदलावयास हवा असतो. उड्डाणपुलाची अडचण तेवढी खरी. गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे उपग्रहाच्या संकेतावरून खात्रीने सांगणे कठीण जाते, आणि आपल्या शहरांत तर पुलांवर पूल चढले आहेत. २०२४ मध्ये गूगलने भारतातील शहरांसाठी पुलाची आगाऊ सूचना देण्याची आणि मोटारींना अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय जाहीर केली, ती याच अडचणीपोटी.

जवळची वाट हुडकण्याचे गणित मात्र सर्वांचे जवळजवळ सारखेच आहे. डच गणिती एड्सखर डाइक्स्ट्रा याने १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या एका कॉफीगृहात, कागदपेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत त्याचा मूळ विचार केला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजच्या पद्धती त्याच विचाराच्या पोटी जन्मल्या आहेत. तेव्हा ‘आमचे गणित श्रेष्ठ’ या जाहिरातीने भुलण्याचे कारण नाही. गणिताला जो नकाशा पुरवावा, त्याचीच तऱ्हा उत्तरात उतरते.

आणि नकाशा भरणारे हात भारतात निरनिराळे होते. १९९५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या मॅपमायइंडिया या कंपनीने माणसे रस्त्यावर पाठवून नकाशा बांधला. त्याच कंपनीचे मॅपल्स हे ॲप होय. गतिरोधक, खड्डे, धोक्याची वळणे यांच्या सूचना हे त्याचे वैशिष्ट्य. २००४ मध्ये इंग्लंडात आरंभ झालेला ओपनस्ट्रीटमॅप स्वयंसेवकांनी भरला. त्यावर आधारलेली काही ॲपे संपूर्ण राज्याचा नकाशा फोनमध्ये साठवून ठेवू देतात. गूगलचा नकाशा २००५ मध्ये निघाला, आणि २००८ पासून त्या कंपनीने सामान्य लोकांकडूनच रस्ते रेखाटून घेतले. भारत त्यात अग्रभागी होता. मौज अशी, की नकाशा तयार झाल्यावर असे दिसले की भारतीय मनुष्य रस्त्याच्या नावाने चालतच नाही. पेट्रोलपंप, देऊळ, चित्रपटगृह यांच्या आधाराने तो चालतो. म्हणून २००९ च्या अखेरीस गूगलला भारतासाठी आपल्या मार्गदर्शनात अशा खुणा घालाव्या लागल्या. कोसमिनाराच्या देशाने परक्या नकाशाला आपली रीत शिकविली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

तिसरी वस्तू म्हणजे वार्ता. इस्राएलमध्ये स्वयंसेवकांच्या नकाशातून जन्मलेल्या वेझ या ॲपने, चालविणाऱ्यांचे फोन हेच बातमीदार करण्याची रीत रूढ केली. २०१३ मध्ये गूगलने ते विकत घेतले. शेकडो फोन एकाच चौकात मंदावले की चौक तुंबला, असे अनुमान निघते. भारतातील मोठ्या शहरांत ही सोय २०१२ च्या सुमारास आली. येथे संख्येचेच राज्य चालते: ज्या ॲपचे वापरणारे अधिक, त्याला कोंडीची बातमी आधी कळते. त्यामुळे मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीत रोजच्या वेळी कचेरीत पोहोचणाऱ्याने बहुसंख्यांचे ॲप घेणे शहाणपणाचे. परंतु ज्या रस्त्यावर दिवसाकाठी दहा गाड्या जातात, तेथे हे बातमीदार मुके असतात. गर्दी नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असाही होतो आणि रस्ताच नाही असाही होतो. यंत्राला हा भेद कळत नाही.

त्या न कळण्याची किंमत नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दिसली. बरेली जिल्ह्यात रामगंगा नदीवरच्या एका पुलाचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. फोनवरच्या मार्गदर्शनावर विसंबून निघालेली एक मोटार त्या अर्धवट पुलावर गेली, नदीच्या पात्रात कोसळली आणि आतील तिघे मृत्युमुखी पडले. पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला आणि नकाशा पुरविणाऱ्या कंपनीलाही चौकशीत ओढले. वृत्तपत्रांत बहुतेक दोष यंत्राच्या माथी मारला गेला. तो सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. वाहून गेलेल्या पुलाच्या तोंडाशी पक्का अडसर घालणे हे ज्या खात्याचे काम, त्याने ते केले असते तर नकाशा चुकूनही जीव वाचते. रेनेलच्या काळी नकाशाही सरकारचा आणि रस्ताही सरकारचा; आज रस्ता एकाचा, नकाशा दुसऱ्याचा. रस्ता बंद केल्याचा हुकूम कचेरीच्या फलकावर लागतो, तो नकाशापर्यंत आपोआप पोहोचेल अशी सर्वत्र चालणारी व्यवस्था बसलेली नाही. भूस्थानिक माहितीची धोरणे आखणाऱ्यांनी हा एवढा दुवा आधी जोडावा. उपग्रहापेक्षा तो स्वस्त आहे.

तोवर निवड करणाऱ्याने काय करावे? ज्या भागात त्याला नेहमी जावे लागते, तेथील आपल्या ओळखीच्या चार वाटांवर दोन-तीन ॲपे पारखून पाहावी. ओळखीच्या रस्त्यावर जे खोटे बोलते, ते अनोळखी रस्त्यावर खरे बोलेल अशी आशा करू नये. शहरासाठी एक आणि लांबच्या प्रवासासाठी दुसरे ठेवण्यात काही कमीपणा नाही. आवाज मराठीत किंवा आपल्या भाषेत लावावा, कारण परकी उच्चारातले गावाचे नाव कळेपर्यंत फाटा मागे पडतो. ‘दहा मिनिटे वाचतील’ असे सांगून हमरस्ता सोडावयास लावणारी सूचना रात्री किंवा पावसाळ्यात मानू नये. त्या आडवाटेवरून नुकतेच कोण गेले आहे, हे ॲपला ठाऊक असेलच असे नाही.

आणि घाटात जावयाचे असेल, मग तो आंबोलीचा असो की मनालीच्या पलीकडचा, तर नकाशा निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. पुष्कळांची समजूत अशी, की मोबाइलचा संपर्क तुटला म्हणजे वाटाड्याही गेला. वस्तुतः उपग्रहांना मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. संपर्क नसला तरी निळी खूण चालत राहते. तिच्याखालचा नकाशा तेवढा नाहीसा होतो, आणि करड्या रिकाम्या पडद्यावर ती एकटीच वळणे घेत राहते.