घोडकाठचं इनामगाव आणि घरात पुरलेली लेकरं

शिरूर-दौंडकरांनो, इनामगावच्या मातीखाली तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव आहे. १९६८ ते १९८३ दरम्यान डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी ते उकरलं. लेकरू गेलं की दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घरातच पुरायचे. वर चूल, रांधणं चालूच! मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. मला यात भीतीपेक्षा मायाच जास्त दिसते. धर्माची सुरुवात देवळात नाही, अशा घरात झाली असावी. शेजारी वाडगं, तोटीचं भांडंही ठेवलेलं. आपण दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतो. तान्हं लेकरू तर आजही जाळत नाहीत, पुरतात.