पुण्याचे नाक आणि एक देठ

कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत गाडी जाते. तिथून राजमाचीच्या पायथ्याकडे चालत गेले, की कोंडाण्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीची. दर्शनी भागावर नाचणारी स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत. एका भग्न मूर्तीजवळ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा ब्राह्मी लेख आहे. गेल्या हिवाळ्यात माझी भाची बरोबर होती. दोन मुलांची आई. त्या नर्तकींकडे बघत म्हणाली, "मावशी, या बायकांचे बरे, इतक्या वर्षांत काही ओघळले नाही." मग हळूच विचारले, "ते स्तन वर उचलून घ्यायचे ऑपरेशन असते ना, त्यात नक्की काय करतात?"

तिला उत्तर देताना मी घाट चढून थेट जुन्या पुण्यात शिरले. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आले. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ एकाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. नाक बसवणारा विटा पाडणाऱ्या जातीचा, एवढेच त्यात आहे. बलकाचे नाव दगडावर राहिले, याचे कागदावरही आले नाही.

मेणाच्या पातळ तुकड्यावर नाकाचा बेत घ्यायचा, तो कपाळावर ठेवून आखायचे आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र कापायची नाही. ती फळाच्या देठासारखी. तिच्यातून रक्त येते, म्हणून कातडी जगते. टाके नाहीत; भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. सुमारे २५ व्या दिवशी, नाक रुजले की देठ कापायचा. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला हे करून पाहिले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढले.

स्तनाच्या शस्त्रक्रियेतही तत्त्व देठाचेच. जादा कातडी काढतात, आतला भाग नव्याने बसवतात आणि स्तनाग्र वर नेतात. पण ते सुटे न करता आतल्या मांसाच्या देठाला लागलेलेच सरकवतात. कातडी कुठे कापायची याचा साचा रॉबर्ट वाइज या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ मध्ये बसवला, तोही ब्रेसिअरच्या बेतावरून. शिंपीकामच म्हणा ना!

अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. गर्भारपणे, वय, वजनातले चढउतार आणि तंबाखू ही खरी कारणे. ऑपरेशनने स्तन वर येतो, मोठा होत नाही. बहुधा पूर्ण भूल देतात, दोन-तीन तास लागतात. पुढे काही आठवडे आधाराची ब्रा रात्रंदिवस घालायची. पाण्याचा हंडा किंवा मूल उचलायचे नाही. स्तनाग्राची संवेदना काही महिने कमी होते, क्वचित परत येतच नाही. नंतरच्या बाळाला पाजायला अडचण येऊ शकते आणि नव्या गर्भारपणात सगळे पुन्हा ओघळते, म्हणून आणखी मूल हवे असेल तर थांबावे.

आपल्याकडे मिश्रीला कोणी व्यसन मानत नाही. पण तीही तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, देठाला रक्त कमी पडते आणि स्तनाग्र मरूही शकते. डॉक्टरांपाशी हे लपवू नये. काही आठवडे आधी ती बंद करावीच लागते.

"आणि व्रण?" भाचीने विचारले. व्रण राहतात. स्तनाग्राभोवती, तिथून खाली, कधी स्तनाखालच्या घडीतही. आधी लाल, जाड. फिके पडायला वर्ष लागते, कोणाकोणाचे वाढतातही. पुण्याच्या हकीकतीतही कपाळावरच्या व्रणाचा उल्लेख आहे. तो फारसा दिसत नाही असे लिहिले आहे, पण बराच काळ गेल्यानंतर.